घोडा कुठेच नव्हता

लॅपटॉप चार वाजता न्यायला येणार होते. नोकरी मी सोडली होती, लॅपटॉप ऑफिसचा होता. भिंगरी दीडला झोपली. भिंगरी म्हणजे माझी लेक, अकरा महिन्यांची. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. झोपेतसुद्धा पलंगाच्या या टोकाला निजवावी तर त्या टोकाला उठते.

म्हणजे हातात अडीच तास, त्यातला तिच्या झोपेचा जेमतेम एक. टेबलावर नवी हार्ड डिस्क, तिची वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉपमध्ये आईच्या एकेचाळीस गोष्टी.

गरोदरपणातले शेवटचे तीन महिने आई माझ्याकडे येऊन राहिली होती. मी याच टेबलावर काम करायचे, ती शेजारी बसून शेंगा सोलायची आणि पोटाकडे बघून गोष्टी सांगायची. मी ऐकता ऐकता रेकॉर्डिंग लावून ठेवायचे. फोन कायम भरलेला, म्हणून लॅपटॉपवरच. नंतर भिंगरी झाली, ती तीन महिन्यांची असताना आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आईने ऐकून घेतलं आणि येताना दुकानातून पाटी-खडू घेऊन आली.

आता आई इथेच असते. बोलणं पाटीवर. हाक मारायची तर दोन टाळ्या. भांडण असेल तर खडू इतका दाबते की मोडतो.

हार्ड डिस्क जोडली, फोल्डर निवडलं, आणि मी कट केलं. कॉपी नाही, कट.

याचं मूळ आमच्या घरात आहे. ‘एक वस्तू, एक जागा. दोन जागी ठेवलेली वस्तू दोन्हीकडे सापडत नाही.’ आईचा हा नियम ऐकत मी आणि दादा वाढलो. कात्री एकच, तिचा खिळा एकच. त्यामुळे इथून उचलायचं ते तिथे ठेवायचं, मागे काही उरायला नको, एवढंच माझ्या हाताला ठाऊक.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. वीस मिनिटं बाकी. मग बारा. मग एकदम एक तास चार मिनिटं. मी उभी राहिले, बसले, भिंगरीला बघून आले. परत आले तर नऊ मिनिटं. ही पट्टी आहे की पाहुणा? ‘निघतोच’ म्हणतो आणि दारात उभा राहून पुन्हा बोलत बसतो.

आई भाजी निवडत होती. तिने पाटी उचलून दाखवली. ‘बस की जरा. तुझ्या फेऱ्यांनी मला गरगरतंय.’

“बसते गं.”

बसले नाही. कशाची पट्टी आहे तेही सांगितलं नाही. त्या गोष्टी लावल्या की आई उठून बाल्कनीत जाते. एरवी मी फोनवरून बोलताना कान देऊन ऐकणारी बाई, स्वतःचा आवाज आला की कपडे वाळलेत का बघायला निघते.

भिंगरीला मात्र घोडा रोज लागतो. घोड्याच्या गोष्टीशिवाय वरणभाताचा घास तोंडात जात नाही. आई त्यात जिभेने टापा वाजवायची, टक् टक्, टक् टक्, आणि त्या वाजल्या की भिंगरी लॅपटॉपच्या मागे डोकावून घोडा शोधते.

पावणेतीनला भिंगरी उठली. उठली ती पूर्ण माखून. तिला उचलून मी तशीच बाथरूममध्ये पळाले, नळ सोडला. पट्टीवर सहा मिनिटं होती.

मी बाहेर आले तेव्हा हार्ड डिस्क टेबलाच्या खणात होती, वायर नीट गुंडाळून तिच्यावर ठेवलेली.

“आई! हे कोणी काढलं?”

आईने स्वतःकडे बोट दाखवलं आणि लिहिलं. ‘दिवा लुकलुकत होता. गरम झालं होतं. पोरगी येऊन ओढेल म्हणून. टाळ्या वाजवल्या दोनदा.’

नळ चालू होता. मी ऐकल्याच नव्हत्या. एक वर्षापूर्वी हीच आई स्वयंपाकघरातून ओरडली असती, “अगं, हे काढू का गं?” आणि मी ओरडले असते, “हात लावू नकोस!” शेजारच्या तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं असतं.

ओल्या हाताने डिस्क पुन्हा जोडली. डिस्कमध्ये अडतीस गोष्टी, लावून बघितल्या, नीट. लॅपटॉपवर दोन मागे राहिलेल्या. अडतीस आणि दोन चाळीस. एकेचाळिसावीचं डिस्कमध्ये नाव दिसत होतं, ‘घोडा’, आणि नावापुढे आकार शून्य. लॅपटॉपवर तर नावही नव्हतं.

दादाला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भिंगरी कडेवर, म्हणून स्पीकरवर.

“कट केलंस?” दादा म्हणाला. “अगं शहाणे, कट कोण करतं? कॉपी करायची, तपासायची, मग पुसायचं.”

“आपल्या घरात कधी कोणी कॉपी केलंय का?”

“तेही खरंच. लॅपटॉप घेऊन ये. पुसलेलं कधीकधी मिळतं.”

“चारला न्यायला येतायत. आणि ऑफिसने त्याला कुलूप लावलंय, बाहेरचं सॉफ्टवेअर चालतच नाही त्यावर.”

“मग अवघड आहे. डिस्क पाठव, बघतो, पण शून्य म्हणजे शून्यच गं. काय गेलं नेमकं?”

मी स्पीकर बंद करायला हात नेला, तोवर उशीर झाला.

“आईचा घोडा गेला की काय?”

आईचे कान चांगले आहेत. हातातली भाजी तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं, मग खणाकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

“तुझ्यामुळे नाही,” मी म्हणाले. “मी कट केलं म्हणून.”

ती उठून बाल्कनीत गेली.

राहिलेल्या दोन गोष्टी मी कॉपी केल्या. तपासल्या. पुन्हा तपासल्या. चारला दहा कमी असतानाच बेल वाजली. दारातल्या माणसाने लॅपटॉप पिशवीत घालताना विचारलं, “ताई, चार्जर?” मी चार्जर दिला. “सही करा.” सही केली. मनात आलं, पिशवी ओढून घ्यावी आणि दार लावून टाकावं. पण मी “जिन्यात जपून हं, दिवा गेलाय,” एवढंच म्हटलं.

पाच वाजता भिंगरीला भूक लागली. खुर्चीत बसवलं, घास पुढे केला. तिने तोंड मिटलं आणि टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

“घोडा फिरायला गेलाय, राणी.”

तोंड मिटलेलंच. मग भोकाड.

बाल्कनीचं दार वाजलं. आई आत आली, भिंगरीसमोर खुर्ची ओढून बसली आणि पाटी मांडीवर घेतली. ‘फोन लाव रेकॉर्डिंगला. मी लिहिते, तू वाच.’

“तुला आठवते?”

‘चार पिल्लं या गोष्टीवर वाढवली. माझी दोन, शेजारची दोन.’

मी फोन टेबलावर ठेवला, बटण दाबलं. आई लिहायची, मी वाचायचे, ती तळव्याने पुसायची, पुढचं लिहायची.

“एक होता घोडा. त्याला बसायचं कसं तेच माहीत नव्हतं.”

आईने टेबलावर टकटक केलं, मान हलवली. पाटीवर ‘होता’ला लांबलचक शेपूट काढलं.

“एक होऽऽता घोडा.”

आईची मान डोलली. मी पुढे वाचलं. “सगळे दमले की बसायचे, हा आपला उभाच. मग तो निघाला विचारायला. मांजरीकडे गेला—”

पुन्हा टकटक. ‘घाई नको. घोडा आहे, मोटार नाही.’

मला हसू आलं, आवाज चिरकला, तोही रेकॉर्ड झाला. भिंगरी हुंदके देत माझ्या तोंडाकडे बघत होती. शब्द ओळखीचे होते, गळा चुकीचा होता.

“आणि घोडा निघाला...”

इथे टापा होत्या. मी जीभ टाळूला लावून प्रयत्न केला. नळ गळावा तसा काहीतरी आवाज आला. आईने कपाळावर हात मारला, खडूचा पांढरा ठसा उमटला. तिने पाटी बाजूला ठेवली. आणि तोंड उघडलं.

टक् टक्. टक् टक्. टक् टक्.

घसा गेला होता. जीभ कुठे गेली होती? सात-आठ महिने आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, तिच्याही. टापा तशाच, ठसठशीत, वळणावर जरा मंद होणाऱ्या. आई स्वतःच दचकून थांबली. मग पुन्हा, जोरात.

भिंगरी गप्प झाली. आधी तिने टेबलावरची रिकामी जागा बघितली, मग टेबलाखाली. मग मान हळूहळू वळवली, खुर्चीतून पुढे झुकली, आणि घोडा बघायला आजीच्या तोंडात बोट घातलं.