रिकाम्या डब्यातलं नाव

“सर, रिकामा डबा उघडला तं तो जाते कुठं?”

गुंजननं ताठ मानेनं विचारलं आणि दहावीचा अख्खा वर्ग फिस्सकन हसला. मयुरीनं तर तोंडात ओढणीच कोंबली. पैज तिचीच होती, “विचारून दाखव वं सरले! समोसा माझ्याकडून.” वर्षापूर्वीची गुंजन हजेरीलाही पुटपुटायची. पण तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माईक हातात आला आणि तिला आवाज फुटला. तेव्हापासून तो वापरायची एकही संधी ती सोडत नव्हती.

ढोके सर मात्र हसले नाहीत. कॉम्प्युटरच्या तासाला त्यांनी घरच्या माणसांची यादी करायला सांगितली होती. साधी यादी नव्हे, अ‍ॅरेत अ‍ॅरे, म्हणजे यादीच्या आत यादी. बाहेरच्या कंसात आजी, तिच्या आतल्या कंसात आईबाबा, त्यांच्या आत प्रत्येक लेकराचा वेगळा कंस. पोरं त्याला ‘डब्यात डबा’ म्हणत. मग लोडॅश नावाची तयार कोडची लायब्ररी घ्यायची, तिचं ‘फ्लॅटनडीप’ चालवायचं, की सगळे डबे उघडून माणसं एका रांगेत उभी. शनिवारी पालकांसमोर ज्यानं त्यानं आपली रांग वाचायची होती.

“लेकरांचे दोन डबे केले सर मी. रांगेत मी एकटीच आली.”

“दुसऱ्यात काय ठेवलं होतं?”

“काई नाई.”

“मग काई नाई बाहेर येईन नं, बेटा. ते डबे मोजत नाई, आतलं काढते फक्त.”

“पण डबा तं होता, सर.”

हे वाक्य पैजेत नव्हतं. ते बोलताना तिचा आवाज मधेच चिरला, आणि मयुरीच्या तोंडातली ओढणी हळूच खाली आली.

सर तिच्या बाकाशी आले. स्क्रीनकडे बघितलं. “रिकामा काऊन ठेवला?”

“नाव राह्यलं ठेवायचं.”

सर हळू आवाजात म्हणाले, “आत नुसती दोन अवतरणचिन्हं टाक. अक्षर नसलं तरी चालते. तेवढ्यानंही जागा राह्यते.”

तिनं टाकली. रांगेत पाच जणं झाली. चार नावं, आणि शेवटी दोन चिन्हांच्या मधली ती कोरी फट. आधी नव्हती तेच बरं होतं, असं तिला वाटून गेलं.

सेलूहून केळझरला येणाऱ्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि समोसा तसाच दप्तरात राहिला. वहीचं शेवटचं पान तिनं सहा महिन्यांत उघडलं नव्हतं. आईला सातवा महिना होता तेव्हा आई म्हणाली होती, “नाव तूच ठेवजो, माझी सुटका.” मग काय, गुंजन रोज एक नाव आणायची. त्या पानावर अकरा झाली. पहिलं होतं उत्पला. मयुरी म्हणाली, “जुनं वाटते,” म्हणून त्यावर तिनं काट मारली. बाळ आलं तरी तिचं ठरेना. दवाखान्यात काचेपलीकडे तिनं बहिणीला एकदाच पाहिलं. पायाला पट्टी होती, ‘वच्छलाचं बाळ’ अशी. पाय इतका बारीक, की पट्टी टाचेवरून घसरत होती. “उद्या नक्की सांगतो,” ती आईला म्हणाली. तो उद्या तिसरा दिवस होता, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

पट्टी आईच्या पेटीत साड्यांखाली आहे. मागं शेजारच्या विमलाबाईंच्या माहेरच्या कुणी विचारलं, लेकरं किती, तर आई म्हणाली होती, “एकच.”

घरी बाबा बातम्या बघत होते. आई मेथी निवडत होती.

“बाबा, टीव्ही बंद करा.”

“काऊन वं? मार्क कमी पडले का?”

“शनिवारी मी घरच्यांची यादी वाचणार आहे. पाच जणांची.”

मेथीची काडी आईच्या हातात तशीच राहिली. “चार आहो आपण,” ती म्हणाली. खाली बघूनच म्हणाली.

“गुंजन,” बाबांचा आवाज दबला, “आईले तरास नको देऊ.”

एरवी ती इथं थांबली असती. आज तिनं वही उघडून मेथीच्या ढिगाशेजारी ठेवली. “आई, तू मले नाव ठेव म्हणली होती. मी उशीर केला. अकरा नावं लिवली अन् एक बी ठरवलं नाई. म्हणून तिच्या पायाले तुयं नाव राह्यलं.”

आईनं पानावरून बोट फिरवलं. काट मारलेल्या पहिल्या नावाशी ते थांबलं.

“आता ठरवलं,” गुंजन म्हणाली. रडत होती, पण शब्द एकेक स्वच्छ येत होता. “उत्पला. तुमाले यायला नाई जमलं तं नका येऊ. पण माईकवर मी पाचही नावं वाचीन. आनंदाबाई, खुशाल, वच्छला, गुंजन, उत्पला.”