फणसाखालचे गुरुवार

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. खाणीवरच्या ट्रकचा. आता मी एका फणसाच्या फांदीला दोराने टांगलेला आहे आणि माझ्यावर कोणी बसत नाही. पण माझेही दिवस होते.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी आणि पोलादी तारा एकत्र करून मला साच्यात भाजून काढले. गोवा घटकराज्य झाले त्या वर्षी मी डिचोलीला आलो आणि एका नव्याकोऱ्या ट्रकला चढलो. माझ्यासमोर नारळ फुटला, माझ्याखाली लिंबू ठेवले. मला वाटले, आपण कोणीतरी मोठे आहोत!

सुर्ल्याच्या खाणीतून लाल माती भरायची आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायची. तिथून ती बार्जमध्ये, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीत जायची. दिवसभर हेच. एकामागोमाग एक ट्रक, आणि प्रत्येकाला घाई. रस्त्याकडेची घरे, झाडे, वाळत घातलेले कपडे, सगळे लाल झालेले असे. खड्ड्यातून सुखरूप बाहेर आलो की आमचा ड्रायव्हर मला थोपटून म्हणायचा, "हो टायर म्हणजे वाघ!" हा टायर वाघ आहे म्हणे! मला फार आनंद व्हायचा.

मग मी झिजलो. मला एकदा रिसोल केले, म्हणजे वर नवे रबर चढवले, पण मी पुन्हा झिजलो. शेवटी ट्रकवरून उतरवून मला एका गॅरेजच्या मागे फेकून दिले. माझ्या पोटात पावसाचे पाणी साचले, त्यात डासांची अंडी झाली. कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. आरोग्य केंद्राच्या सुमंगला सिस्टर डास शोधत तिथे आल्या नसत्या तर मी तिथेच कुजलो असतो.

त्यांनी मला उपडा करून पाणी काढून टाकले आणि गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "हो माका दी. आमच्या बाईंक झोपाळो जाय."

झोपाळा हवा होता त्या बाई म्हणजे विनोदिनीबाई. दर गुरुवारी त्या पणजीहून साखळीला येत आणि तिथून दुसऱ्या बसने आमच्या गावात उतरत. एका संस्थेने त्यांना मुलांसाठी पाठवले होते. आरोग्य केंद्राची मागची खोली त्यांना मिळाली होती. खोलीत एक चटई, रंगीत खडू आणि काही बाहुल्या होत्या. बाहेर फणसाला मी. ज्या मुलांच्या मनाला काही लागले आहे, जी घाबरतात, झोपेत ओरडतात, शाळेचे नाव काढले की ज्यांच्या पोटात दुखते, ती मुले त्यांच्याकडे यायची. बाई त्यांच्याशी बोलायच्या. खरे सांगायचे तर त्या बोलण्यापेक्षा ऐकायच्याच जास्त.

गावातले लोक त्यांना 'पिशांची बाई' म्हणायचे. म्हणजे वेड्यांची बाई. त्यामुळे आया आपल्या मुलांना मागच्या वाटेने, कोणी बघत नाही ना हे पाहून आणत. मला त्याचे फार वाईट वाटे. ताप आल्यावर कोणी लपूनछपून औषधाला येते का?

एका गुरुवारी गोकुळदास नावाचा माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीचे नाव सुविधा. वय नऊ. तिची वेणी नीट घातलेली नव्हती आणि ती जमिनीकडेच बघत होती.

"चेडू उलयना, सिस्टर," तो सुमंगला सिस्टरना म्हणाला. पोरगी बोलत नाही, असे त्याचे म्हणणे. "जेवनाय पण. आजयेन देवळात कौल लावलो, अंगारो घातलो. काय फरक पडना."

मग त्याने हळू आवाजात पुढचे सांगितले. सुविधाचा धाकटा भाऊ साईश पाच वर्षांचा होता. दोघे शाळेतून घरी येताना तो ट्रकखाली सापडला. त्या दिवसापासून सुविधाने एक शब्द उच्चारला नव्हता. आई, प्रभावती, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. घरात साईशचे नाव कोणी घेत नव्हते. गोकुळदास स्वतः माती वाहणारा ड्रायव्हर होता. त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

इतक्यात सुविधाची नजर माझ्यावर पडली. ती बापाच्या मागे दडली. मित्रांनो, तो ट्रक माझा नव्हता. पण तिला मी कसे सांगणार? टायर तो टायर. बाई धावत आल्या आणि तिला जवळ घेऊन खोलीत गेल्या.

बाई मला काढून टाकणार होत्या. पण पुढच्या गुरुवारी सुविधा आली ती हातात एक काठी घेऊन. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मला एक फटका मारला. मग दुसरा. गोकुळदास तिला आवरायला पुढे झाला, तर बाईंनी त्याला थांबवले.

"मार गो बाय," त्या म्हणाल्या. "हाका दुखना."

मला दुखत नव्हते हे खरेच आहे. ती मारत राहिली आणि मी झुलत राहिलो. मी आयुष्यात पुष्कळ ओझी वाहिली, पण त्या पोरीचे फटके खाताना मला वाटले, माझ्या हातून इतके चांगले काम पूर्वी कधी झाले नव्हते. असे कितीतरी गुरुवार गेले. फटके कमी कमी होत गेले. मग ती नुसतीच काठी टेकवून उभी राहू लागली. सिस्टर सांगत, ती आता पेजेबरोबर थोडे लोणचे मागून घेते, बोटाने दाखवून.

आणि एक दिवस, माझ्याशेजारी बाईंना टेकून बसलेली असताना, ती बोलली.

"हांवें हात सोडलो."

मी हात सोडला. एवढेच. मग तिला हुंदका आला, आणि हुंदक्यांतून बाकीचे आले. तिच्या चपलेचा अंगठा निसटला होता. तो घालायला ती खाली वाकली. साईशचा हात तिने तेवढ्यापुरता सोडला. वर पाहिले तर...

बाईंनी तिला पुरते रडू दिले. त्यांचेही डोळे भरले होते. मग त्या म्हणाल्या, "बाय, चप्पल निसटली तर कोणीही वाकतं. तो रस्ता तू केलेला नाहीस. ते ट्रक तू सोडलेले नाहीस. एवढ्याशा मुलांना तसल्या रस्त्यावरून चालायला लावणारी आम्ही मोठी माणसं. चुकलं ते आमचं. तुझं न्हय."

सुविधाने डोळे पुसले. मग, आई आपल्याकडे पुन्हा कधी बघणार नाही या भीतीने, तिने विचारले, "आईक कळलें तर? ती माझ्याकडे केन्ना पळेवची ना."

"आपण दोघींनी मिळून सांगू तिला. मी तुझ्या बाजूला बसेन. घेऊन ये तिला."

पण प्रभावती येईना. "माझें चेडू पिसें न्हय," असे तिने सिस्टरना घरातूनच सांगितले. पुढच्या गुरुवारी सुविधा वडिलांबरोबरच आली. बाई म्हणाल्या, "घाई नाही. मी आहे ना इथे."

त्या खरेच सांगत होत्या. त्यांना तरी काय ठाऊक होते? त्याच आठवड्यात पणजीला कोणीतरी ठरवले की बाईंना पाठवणाऱ्या योजनेची मुदत संपली. बाईंना निरोप घ्यायलाही कोणी पाठवले नाही. त्यांच्या खोलीला कुलूप लागले.

आणि मित्रांनो, त्याच्या पुढच्याच गुरुवारी प्रभावती आली.

मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. सुविधा तिचा हात धरून तिला ओढत आणत होती. केसांना रिबन होती. माझ्याजवळ येऊन तिने मला मारले नाही. माझ्यावर हात ठेवून ती आईला म्हणाली, "हो म्हजो टायर."

दोघी पायरीवर बसल्या. साखळीची बस आली आणि गेली. "बाई येतली," सुविधा म्हणाली. दुसरी बस आली. तीही गेली. सिस्टर लसी घेऊन दुसऱ्या वाड्यावर गेल्या होत्या. सांगायला कोणी नव्हते. सुविधा उठून कुलूप हलवून आली.

शेवटी प्रभावतीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय सांगायचं तें सांग मगे, बाय. मी आयकता."

सुविधाने तोंड उघडले.  सांग, पोरी, सांग! तेवढ्यात रस्त्यावरून मातीने भरलेला ट्रक गेला. त्याचा हॉर्न ऐकताच प्रभावतीने दोन्ही हातांनी कान झाकले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

सुविधाने तो चेहरा पाहिला, आणि तोंड मिटले.

"चल गो, येवची ना ती," बाईंची वाट बघणे सोडून आई म्हणाली. दोघी गेल्या. मी ओरडू शकत नव्हतो.

त्यानंतर थोड्या दिवसांनी गोकुळदास एकटाच आला. प्रभावती मुलीला घेऊन पेडण्याला माहेरी निघून गेली होती. सुविधा पुन्हा बोलायची थांबली होती. तो पणजीला जाऊन बाईंना शोधून आला होता. तिथे कोणी पत्ता दिला नाही.

"सिस्टर," मुलगी इथे काय सांगायची ते जाणून घ्यायला त्याने विचारले, "चेडू हांगा येऊन काय सांगताले? तुमका कळ्ळां?"

सिस्टरांना बाईंसारखे बोलणे कधी जमले नव्हते. त्या म्हणाल्या, "बाई कुणाचं कुणाला सांगत नसत, भाऊ. आणि माका तशें उलोवंक येना. मी फक्त सुई टोचते."

तो माझ्याखाली बसला आणि माझ्या कडेला डोके टेकून रडला. मला ते वाक्य ठाऊक होते. अगदी छोटे वाक्य. ते त्याला कळले असते, तर तो धावत पेडण्याला गेला असता. पण मला तोंड नव्हते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी मूल अचानक गप्प झाले तर त्याला पिसे म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा. आणि तुमच्या गावात मुलांचे ऐकणारी अशी एखादी खोली असेल, तर मोठ्या माणसांना सांगा, तिला कुलूप लावू नका. कोणीतरी मूल आईचा हात धरून वाटेवर असेल.

सुविधा आता मोठी झाली असेल. कदाचित तिला मुले असतील. पेडण्याकडे कोणी तिला ओळखत असेल, तर तिला एवढे सांगा, त्या दिवशी तिची आई ऐकणार होती.