बटण रडायचं थांबलं ती रात्र

शाळेची बस चालवणाऱ्या काकूंना कुत्र्यामांजरांची हौस कधीच नव्हती. बटण घरात आलं ते लेकीपायी. तिनं हे कुत्र्याचं पिल्लू आणलं काय आणि लगेच नव्या नोकरीच्या ट्रेनिंगसाठी तिला दुसऱ्या शहरात जावं लागलं काय. "आई, थोड्या महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुलाही सोबत होईल," असं म्हणत तिनं तारेचा पिंजरा स्वयंपाकघरात मांडला, आत जुना टॉवेल अंथरला आणि आईला बजावलं, "रात्री ह्यातच झोपवायचं. रडलं तरी काढायचं नाही. एकदा काढलंस की संपलं, मग ते जन्मभर डोक्यावर बसेल."

काकू दिलेल्या शब्दाला पक्क्या. दिवा मालवायच्या, पिंजऱ्याची कडी लावायच्या, आपल्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायच्या. मग सुरू व्हायचं. आधी बारीक कुईकुई, मग तार खरवडणं, मग असा काही टाहो, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी त्याची चामडी सोलतंय. काकू उशी कानावर दाबून पडून राहायच्या. जरा डोळा लागतोय तोवर खालून ठक ठक व्हायची. खालच्या मजल्यावर एक सलूनवाले एकटेच राहायचे. ते झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. वर पिल्लू, खाली झाडू, मधे काकू.

पहिले काही दिवस त्यांनी रेटून नेलं. चहा कडक झाला, मग दुप्पट झाला. बसमधे मुलांवर कधी आवाज चढवला नव्हता, तो चढायला लागला. एकदा घराची किल्ली फ्रिजमधे सापडली, तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या. पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

त्या सकाळी वळणावरच्या थांब्यावर दोन वेण्यांची एक छोटी मुलगी उभी होती. रोजच असायची. काकूंची बस तिच्या समोरून निघून गेली. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, पण तो थांबा त्यांना दिसलाच नाही. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी मागच्या बाकावर ओकणाऱ्या पोराला धरून बसल्या होत्या, त्यांच्याही लक्षात आलं नाही. मुलीला सोडून तिचे वडील कामाला निघून गेले होते. ती तिथंच उभी राहिली. शेवटी समोरच्या दुकानदारानं दप्तरावरचा नंबर बघून शाळेत फोन केला.

शाळेच्या बसेस बघणाऱ्या साहेबांनी केबिनमधे बोलावलं. "काकू, इतक्या वर्षांत तुमच्याकडून असं कधी झालं नाही. बरं वाटत नाही का?"

"झोप होत नाही, साहेब."

"का?"

"घरात कुत्र्याचं पिल्लू आहे. रात्रभर रडतं."

साहेबांनी हसू दाबलं. काकूंना ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "किल्ल्या ठेवा इथं," ते म्हणाले. "डोकं ताळ्यावर आल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही."

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. किल्ल्यांचं काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हे माझ्यानं होत नाही गं."

"आई, आता माघार घेतलीस तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात. अजून थोडं सोस ना."

काकूंनी फोन ठेवला. संध्याकाळी बटणला पिशवीत घातलं आणि गोदामांच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर गेल्या. पिल्लू खाली ठेवलं आणि वळून चालायला लागल्या. रात्रभर घर डोक्यावर घेणारं ते पिल्लू आता चकार शब्द काढेना. गवतात दोनदा कोलमडत मागे आलं आणि चपलेचा पट्टा चावायला लागलं. काकूंनी पाय झटकला. ते पुन्हा आलं. पुढं रस्ता होता, भरधाव गाड्या जात होत्या. हे मागोमाग येत चाकाखाली जाणार, आणि त्या गाडीच्या स्टिअरिंगवर आपल्यासारखंच कुणीतरी पेंगत असणार, हे त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी ते उचललं आणि परत आणलं. त्यांना त्याची दया वगैरे आली नव्हती. दुसरं काय करायचं ते सुचेना, एवढंच.

त्या रात्री पुन्हा तेच. टाहो, तार, खालून ठक ठक. काकू ताडकन उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन्ही हातांनी पिंजरा धरून गदागदा हलवला. "गप. गप म्हणते ना. माझी नोकरी घेतलीस, आता काय जीव घेतोस?"

बटण गप झालं. कोपऱ्यात अंग चोरून बसलं. त्याच्याखालचा टॉवेल ओला झाला.

काकूंनी पिंजरा सोडला. स्वतःच्या पोरीवर त्यांनी कधी हात उगारला नव्हता. त्या खाली बसल्या, मग फरशीवर आडव्याच झाल्या. तारेतून दोन बोटं आत घातली आणि तशाच पडून राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग बोटांना ओलसर नाक लागलं. मग हनुवटीचं वजन. काकूंना वाटलं, आता उठून टॉवेल बदलावा. पण त्याआधीच त्यांना झोप लागली.

सकाळी दार वाजलं तेव्हा गालावर फरशीचे वळ उमटले होते. दारात सलूनवाले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली.

"ताई, बऱ्या आहात ना?"

"का हो दादा?"

"आवाज एकदम बंद झाला. आधी तुम्ही ओरडलात, मग काहीच ऐकू येईना. मला वाटलं, काही बरंवाईट..."

"कुणाचं?"

"दोघांपैकी कुणाचंही." ते जरा ओशाळले. "रोज ठोकायचो, झोप येत नाही म्हणून. काल शांत होतं, तरी डोळ्याला डोळा नाही."

काकूंनी त्यांना आत बसवलं, चहा टाकला, आणि दूध उतू जात असताना नुसत्या बघत रडायला लागल्या. सलूनवाल्यांनी उठून गॅस बंद केला आणि ओटा पुसला.

त्या दिवशी दोघांनी मिळून पिंजरा काकूंच्या पलंगाशी नेऊन लावला. लेकीला काकूंनी सरळ सांगून टाकलं, किल्ल्यांसकट. "मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली. बटण रात्री कुरकुरायचं, पण काकूंनी हात खाली सोडला की थांबायचं. हळूहळू हाताचीही गरज उरली नाही. बाहेर जायचं असलं तरच ते काकूंना उठवायला लागलं.

साहेबांनी किल्ल्या परत दिल्या. पहिल्या दिवशी त्या छोट्या मुलीबरोबर तिचे वडीलही बसमधे चढले आणि पुढच्या सीटवर बसले. रस्त्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, शाळेपर्यंत त्यांची नजर काकूंच्या चेहऱ्यावर होती. काकूंना राग आला नाही. त्यांच्या लेकीचं असं झालं असतं तर त्याही अशाच बसल्या असत्या. शाळेच्या फाटकाशी ते उतरले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुलीला बसमधे चढवून ते थांब्यावरूनच परत फिरले.