गळ्यावरची तीट

मी धोंडू बोलतोय. जातीने पाणमांजर, तेही मोठ्या जातीचं, शेपटीसकट माणसाएवढं लांब होणारं. पण मांजर म्हणाल तर उंदीर कसा असतो ते मला ठाऊक नाही, आणि पाण्याचं म्हणाल तर लहानपणी मी पाण्याला जाम घाबरायचो. तेव्हा मी नक्की कोण, हे मला विचारू नका. माझाच अजून गोंधळ आहे.

जन्म मुळशीतला. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर एक प्राणिसंग्रहालय आहे, तिथला. आईबाप समुद्रापलीकडचे, विमानातून आले म्हणे. मी नदी पाहिलेली नाही. आमचं तळं खणलंय तिथे पूर्वी भातखाचर होतं आणि गोजराबाई त्यात भात लावायची. घरच्यांनी जमीन विकली आणि ती त्याच जागी आमची मासळी कापायच्या कामाला लागली. तळ्याकडे बघून ती अजून म्हणते, "हितं आमचा इंद्रायणी पिकायचा. लई वास सुटायचा." म्हणजे मी पाण्यात पोहतो की तिच्या भातात, हेही मला कळत नाही.

डोळे उघडले नव्हते तेव्हा मला दोनच गोष्टी माहीत होत्या. एक आईच्या दुधाचा वास आणि दुसरा गोजराबाईच्या बांगड्यांचा आवाज. मला वाटायचं, दोन्ही मिळून एकच आई असेल.

आमच्या आधीची भावंडं जगली नव्हती. लोकांच्या गलक्याला घाबरून आई पिल्लांना तोंडात धरून दिवसभर इकडून तिकडे पळत राहिली आणि त्यातच ती पिल्लं गेली. म्हणून या खेपेला मेधाने आमच्या घराभोवती बांबूचे तट्टे लावले. मेधा आमची देखभाल करणारी. गाव अमरावतीकडचं, राहायला पिरंगुटला भाड्याच्या खोलीत. ती आम्हाला कॅमेऱ्यातून बघायची, म्हणजे आईला कुणी दिसायचं नाही.

"आदीची जगली न्हाईत ना ताई, मग ह्या बारक्याचं नाव धोंडू ठिवा," गोजराबाई म्हणाली. "धोंड्याला कुनाची नजर लागतीय?"

"त्याला पोहायचंय, मावशी," मेधा हसली. "धोंडा म्हणून कसं चालेल?"

पण नाव चिकटलं. माझ्या धष्टपुष्ट भावाचं नाव पैलवान.

आमच्या जातीत प्रत्येकाच्या गळ्यावर एक फिकट डाग असतो. दोघांचा कधी सारखा नसतो. माझा अखंड, भाकरीच्या तुकड्यासारखा. पैलवानाचा मधोमध तुटून दोन झालेला. मेधा आम्हाला त्यावरूनच ओळखायची. माणसं एकमेकांना कशी ओळखतात कोण जाणे, सगळ्यांचे गळे तर सारखेच!

सकाळी आईला मासे दाखवून शेजारच्या कप्प्यात घ्यायचे, मधलं सरकतं दार खाली सोडायचे आणि आम्हाला टोपलीत घालून वजन करायचे. पैलवानाचा काटा रोज पुढे सरके. माझा तिथेच. आईचं दूध दोघांना पुरत नव्हतं आणि पाण्यात न्यायची वेळ तर जवळ आली होती. आमच्यात पोहणं शिकवायची रीत म्हणजे आईने मानगूट धरायचं आणि सरळ पाण्यात उतरायचं.

"पैलवान आईकडे जाईल," मेधाने ठरवलं. "धोंडूला काही दिवस उबेच्या पेटीत ठेवू, बाटलीवर. एवढ्यात पाण्यात गेला तर गारठून मरेल."

नेमकी त्याच वेळी कुणा साहेबांची मंडळी तट्ट्यापाशी येऊन मोबाईल उंचावू लागली. मेधा त्यांना आवरायला धावली. तेवढ्यात एक बाई आत डोकावून चीत्कारली, "अय्या, किती गोंडस!"

नजर लागणार म्हणून गोजराबाई टोपलीपाशी धावली. तिने कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली. कपाळाला तीट लावली तर माझ्या काळ्या केसांत ती दिसेना. "दिसाय तर पायजेल," ती पुटपुटली. मग हनुवटी उचलून तिने माझ्या गळ्यावरच्या पांढऱ्या डागावर बोट ओढलं. माझ्या एका डागाचे दोन झाले.

मेधा परतली तेव्हा आई दारावर धडका देत होती. मेधाने घाईघाईने एक पिल्लू उचललं, गळा बघितला, दोन तुकडे दिसले. तिने ते पिल्लू आईच्या घरात ठेवलं आणि दार उघडलं. ते पिल्लू म्हणजे मी.

आईने मला हुंगलं, मानगूट धरलं आणि थेट पाण्यात. केवढं गार! काजळ तिथल्या तिथे धुऊन गेलं.

कॅमेऱ्यात माझा अखंड डाग दिसला तशी मेधा किंचाळलीच. "अगं बाई, हा धोंडू आहे!"

"ताई, म्या तीट लावली वो त्याला," गोजराबाईने काजळाचं बोट पुढे केलं. "गळ्याला लावली."

रागवायला वेळ नव्हता. आत जावं तर आई बिथरून मला घेऊन पळत सुटणार. न जावं तर मी बुडणार. दोघी तट्ट्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

मी हाक मारली. भूक लागली की मारायचो तीच. सकाळी वजनाच्या टोपलीतून ती ऐकली की गोजराबाई हातातलं काम टाकून "आले रं, आले!" म्हणत यायची. तट्ट्यामागून तिचा वास येत होता, मासळीचा आणि मिसरीचा.

"काही बोलू नका मावशी," मेधा कुजबुजली. "तुमच्या आवाजाकडे वळला तर आई गडबडेल."

मी पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. बांगड्यांचाही आवाज नाही. ती आहे, तिला ऐकू येतंय, मग येत का नाही? नाकातोंडात पाणी गेलं, मी खाली गेलो. तेवढ्यात खालून काहीतरी मऊ वर आलं. आईची पाठ होती. तिने मला काठाशी लोटलं आणि दम खाऊ देऊन पुन्हा आत ओढलं. दुसऱ्या बाजूने बाप आला. असं किती वेळ चाललं कळलं नाही, पण केव्हातरी माझे पाय आपसूक हलू लागले. मग आई मला वाळूत घेऊन आली आणि भोवती वेटोळं करून तिने मला दूध पाजलं.

त्या वेळी गोजराबाईने बांगड्या मुठीत इतक्या आवळून धरल्या होत्या की एक फुटून मनगटात घुसली. हे मी नंतर मेधाच्या तोंडून ऐकलं. माया करायची आणि गप्प राहायचं, ही माणसांची तऱ्हा मला आजही उमगत नाही.

दुसऱ्या दिवशी पैलवानही आईकडे आला. मला बाटली मिळत राहिली, पण ती मेधा द्यायची, मला माणसांचा लळा लागू नये म्हणून मुकाट्याने. मग दात आले. आईने सोललेली चिलापी खाता खाता मी सबंध मासा डोक्याकडून कडाकडा चावू लागलो. आता आईएवढा झालोय. धाकटी भावंडं झालीत, त्यांना मासे नेऊन देतो. वयात आलेल्याने आपलं घर वेगळं मांडायचं असतं, म्हणून मला दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात पाठवणार आहेत. प्रवासाची सवय व्हावी म्हणून एक पेटी आणून ठेवलीय. आत मासा असतो. मी आत जातो, बाहेर येतो, आणि हे घर आहे की सापळा ते ठरवत बसतो.

काल दुपारी मेधा म्हणाली, "मावशी, आता मारा हाक. आता मोठा झालाय तो."

गोजराबाईने पदराला हात पुसले. बांगड्या वाजल्या. "धोंडू! ए धोंडू! आले रं, आले!"

आणि त्याच क्षणी तळ्यातून आईने साद घातली. मी मान ताठ करून मधेच थबकलो. एकदा तट्ट्याकडे बघितलं, एकदा तळ्याकडे. मग मी आईकडे वळलो.

पाण्यातून मागे पाहिलं तर गोजराबाईने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

"बरोबर केलं त्यानं, मावशी," मेधा म्हणाली.

"व्हय. कळतंय की मला."

मला आता जिथे नेतील तिथे बघायला या, पण हळू बोला, आमच्यात आया घाबरट असतात. आणि कधी मुळशीकडे गेलात, तर तट्ट्यामागे मासळी कापत बसलेल्या बाईला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, तो वळला नाही, पण त्याने ऐकलं होतं.