सेलोर्मच्या गोळ्या

"हे काय रे सेलोर्म, जेवताना औषध?" कोसिवाआत्या म्हणाली. "माझ्या भेंडीच्या रश्श्याची धास्ती घेतलीस की काय?"

सगळे हसले. सेलोर्मही हसला. "मलेरियाची गोळी आहे, आत्या. तिकडच्या डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलीय."

"अरे, इथले डास तुला पाळण्यापासून ओळखतात. त्यांना विसरलास होय?"

चौदा वर्षांनी तो कॅनडाहून घानातल्या केटाला घरी आला होता. त्यानं थोरल्या बहिणीकडे पाहिलं. झिफा दवाखान्यात नर्स होती. किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तीच दटावून गोळ्या घ्यायला लावायची. इथून गेलेल्या माणसाच्या अंगातली मलेरियाशी झुंजायची ताकदही काही वर्षांत ओसरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आईचं तीन वर्षांचं दुखणं तिनं एकटीनं काढलं होतं, आणि हा आला तो आई मातीआड झाल्यावर.

"ठेव ते," झिफा म्हणाली. "पाहुणा आहेस का तू?"

त्यानं गोळी परत पाकिटात सरकवली. खूश दिसला. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी तिला वाटे, आज सांगू, घे बाबा गोळ्या. तिनं सांगितलं नाही.

परत गेल्यावर बाराव्या दिवशी त्याला ताप भरला. सर्दीचा असेल म्हणून त्यानं अंगावर काढला. रक्त तपासलं तोवर चार दिवस उलटले होते. तापाच्या सहाव्या दिवशी तो गेला.

आठवड्यानं त्याच्या बायकोचा, यायराचा फोन आला. "ताई, त्यांना घेऊन येतोय आम्ही. आईंच्या शेजारीच पुरा म्हणाले होते." मग थांबून म्हणाली, "किती विसराळू माणूस. गोळ्या घ्यायचं विसरलो म्हणाले. दवाखान्यात मी रागावले हो त्यांच्यावर."

झिफा खुर्चीत बसली. शेवटच्या दिवसांतही त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. गप्प राहिली असती, तर कुणालाच कळलं नसतं.

"तो विसरला नव्हता," ती म्हणाली. "मी नको म्हटलं. जाणूनबुजून. मला राग होता त्याचा."

यायरा आता फोन ठेवेल असं झिफाला वाटलं.

"मुलंही येतायत बरोबर," यायरा म्हणाली. आवाज कोरडा होता. "त्यांच्या गोळ्यांचं सांगा."

"निघायच्या दोन दिवस आधी सुरू कर. परत गेल्यावरही सात दिवस. एकही चुकवू नकोस." झिफानं कागद ओढला. "वजनावर मात्रा ठरते. किती भरतात?"

"थोरला एकतीस. धाकटी अठरा."

झिफानं दोन्ही आकडे लिहिले. भावाची मुलं तिनं अजून पाहिली नव्हती.