कौशल्याबाईचं लग्न

आपल्याला कोणी आपल्याबद्दल काही विचारील, असं कौशल्याबाईला छप्पन वर्षांत कधी वाटलं नव्हतं. नांदुऱ्याला स्टेशनासमोर ती भाजी विकायची. लोक भाव विचारत, वांगी कोवळी आहेत का विचारत, झालं. पण शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात तिचा धाकटा, सहदेव, वही घेऊन तिच्यापुढे बसला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांची पोरं व्हिडिओवर सिनेमा काढणार होती, चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकानं एका दिवसासाठी कॅमेरा द्यायचं कबूल केलं होतं. तेव्हाचे कपडे, दागिने, रीतीभाती शोधून काढायचं काम सहदेवकडे आलं होतं.

आठ दिवस बाईनं भरभरून सांगितलं. काष्टा कसा घालायचा, गोठ-पाटल्या कोणाकडे असायच्या, एकदाणी गळ्यात कुठवर यायची, वऱ्हाड बैलगाड्यांनी कसं निघायचं. पोरगा लिहून घ्यायचा आणि ती नुसती हरखून जायची. भाजीची टोपली लवकर आवरून घरी पळायला लागली होती.

नवव्या दिवशी सहदेवनं पेटीतून एक जाडंभरडं हिरवं लुगडं काढलं.

"माय, हे तुह्या लग्नातलं ना? आता तुह्यं लग्न सांग."

इथंच ती चुकली. लिहून घेणाऱ्याला खरं सांगावं, एवढंच तिला कळत होतं. शिवाय पोरगा शिकलेला.

"लग्नातलं नाही रे, पाटातलं," ती म्हणाली. "माह्यं लग्न आठव्या वर्षी झालं, सुलतानपूरच्या पोराशी. नांदायले जायच्या आंधीच तो तापानं गेला. मंग सोळाव्या वर्षी तुह्या बापाशी पाट लावला, उंद्रीले. रांडवीचा पाट तो. मांडव नाही, वाजंत्री नाही. मांगच्या दारानं आणलं मले. दिवस उगवेलोक कोण्या सवाष्णीनं तोंड पाहू नये म्हणून बैलांच्या कोठ्यात बसवलं. एकटी. लई रडली मी."

हे तिनं जन्मात पहिल्यांदा कोणाला सांगितलं. सांगून झाल्यावर तिला मोकळं वाटलं. सहदेवची पेन्सिल मात्र केव्हाच थांबली होती.

"हे मले कोणी काऊन सांगितलं नाही?"

"त्याच्यासाठीच तं उंद्री सोडली आम्ही. बाया मले तोंडावर पाटाची म्हणत."

त्यानं वही मिटली. "माय, हे कोणापाशी बोलू नको. पोरं मले हसतील."

"तूच तं विचारलं," ती म्हणाली. लुगडं मात्र तो घेऊन गेला.

संमेलनाच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये रंगीत टीव्ही मांडला होता. कौशल्याबाईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सिनेमा सुरू झाला आणि सहदेवचा आवाज आला, अगदी पुस्तकी भाषेत: 'ही माझ्या आईच्या लग्नाची गोष्ट. तिनं सांगितली तशी.'

तिचं हिरवं लुगडं नेसलेली वर्गातली एक मुलगी मांडवात आली. कपाळाला मुंडावळ्या. सनई वाजत होती, सवाष्णी ओवाळत होत्या. कौशल्याबाई सुलतानपूरच्या पोराची वाट पाहत बसली, कोठ्याची वाट पाहत बसली. सिनेमा संपला.

तिला चीड आली. लोकांनी ठेवलेली नावं तिनं चाळीस वर्षं गिळली होती. पण पोटच्या पोरानं, सगळं ऐकून घेऊन, तिला धुऊनपुसून मांडवात बसवलं, हे तिच्या जिव्हारी लागलं.

प्राचार्य महादेवराव भारावून तिच्याजवळ आले. "बाई, असंच झालं होतं का हो सगळं?"

त्यांच्या मागे सहदेव उभा होता. त्याचं तोंड उतरलं होतं. एका शब्दात त्याची भर सभेत माती झाली असती, आणि तो शब्द तिच्या ओठांवर आलाही होता.

"हो साहेब," ती म्हणाली. "पाच गावं जेवली."

टाळ्या पडल्या. बक्षीसही त्यांनाच मिळालं.

घरी जाताना सहदेव खुशीत होता. "बरं झालं माय, तू सांभाळून घेतलं."

"हाव," कौशल्याबाई म्हणाली. "उंद्रीवाल्यांनी मले कोठ्यात तरी बसवलं होतं बापू. तू तं मले आणलंच नाही."