परत सांग

बाबा सैन्यात वायरलेसवर होते. लढाईबद्दल त्यांनी आम्हाला जन्मभरात एकच वाक्य सांगितलं : "आवाज नीट यायचा नाही." एवढ्या भांडवलावर शाळेत 'माझे शूर वडील' हा निबंध लिहून दाखवावा कुणीतरी. पदकं स्क्रूंच्या डब्यात पडलेली असायची. स्क्रू मात्र मापाप्रमाणे लावलेले.

सवय त्यांनी एकच घरी आणली. काहीही सांगितलं की म्हणायचे, "परत सांग." ऐकणाऱ्याने म्हणून दाखवला, तरच निरोप पोचला. किराणावाला साखर-तेल परत सांगायचा. ताईच्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत म्हणाले, "लग्नानंतर मुलगी नोकरी सोडणार नाही. परत सांगा." सासरे गडबडले, पण त्यांनी सांगितलं. ताई आज मुख्याध्यापिका आहे. मी गणितात आपटलो तेव्हा म्हणाले, "पुढच्या वेळी सुटेल. परत सांग." मी हुंदके देत सांगितलं. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा सांगायला लावलं. त्या वाक्यावर माझा संसार अजून चाललाय.

सूट फक्त आईला होती. म्हणजे तिने ती घेतली होती. "मी काय तुमच्या पलटणीत भरती झालेय?" असं विचारून ती "कळलं" एवढ्यावर मोकळी व्हायची.

बाबा गेल्यावर तेच तिला खायला उठलं. वायरलेसवरचे त्यांचे जुने जोडीदार भेटायला आले, तेव्हा चहा देता देता ती बोलून गेली, "भावजी, शेवटच्या दुपारी मी हॉस्पिटलात यांच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसले होते, तेव्हा हे काहीतरी म्हणाले. तोंडावर तो मास्क. मला अक्षर कळलं नाही, तरी सवयीने 'कळलं' म्हटलं. हे नुसते बघत राहिले. निरोप राहिला हो त्यांचा."

काकांनी कप खाली ठेवला. "वहिनी, उत्तर नाही आलं तर आम्ही गप्प बसत नसू. दुसऱ्यामार्फत पाठवायचो. तुमच्यानंतर त्यांच्याजवळ कोण गेलं?"

"मी," मी म्हणालो.

"मग? काही बोलला का तो?"

"मी मास्कला कान लावला. म्हणाले, 'ती खुर्ची वाईट आहे. आईची पाठ दुखत असेल. तिला घरी ने.' मी परत सांगितलं, मगच ते स्वस्थ पडले. म्हणून तर तुला रिक्षात बसवलं ना, आई? म्हटलं होतं मी, बाबांनी सांगितलंय."

"मला वाटलं, तूच शहाणपणा करतोयस त्यांच्या नावावर!"

"माझ्यात एवढं शहाणपण कधी होतं?"

"तेही खरंच," आई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिने माझ्याकडे नेहमीच्या नजरेने पाहिलं. मग विचारलं, "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मेलं, मरतानासुद्धा माझी पाठ!" तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि बाबांच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बघत, शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "खुर्ची वाईट आहे. पाठ दुखत असेल. घरी जा."

जन्मात पहिल्यांदा.

काका नकळत ताठ बसले. "बरोबर," ते म्हणाले. "पोचला."

आई उठून त्या आरामखुर्चीत जाऊन बसली आणि तिने पाठ टेकली.